फुकट देता आणि वर एवढ्या अटी?

मी मांजरं दत्तक देते, आणि हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की आता राग येत नाही. परवा एक काकू म्हणाल्या, "मुलगी देतानासुद्धा कोणी इतकं विचारत नाही हो!" (विचारायला हवं खरं तर, पण तो विषय वेगळा.) म्हटलं एकदाच सविस्तर लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी ही पोस्टच पाठवता येईल.

हो, मी विचारते. खिडक्यांचं विचारते, घरात अजून कोण कोण आहे ते विचारते, फुलदाणीत कोणती फुलं ठेवता हेसुद्धा विचारते. उत्तर पटलं नाही तर मांजर देत नाही, मग समोरचा कितीही चांगला माणूस असो. ओळखीतल्यांनाही नाही म्हटलंय. दोन घरांशी बोलणं बंद आहे, चालायचंच.

दत्तकाच्या पोस्टमध्ये जे गुबगुबीत पिल्लू दिसतं ना, त्याच्या आधीचं कुणाला दिसत नाही. मांजराचं पिल्लू जन्मतः जेमतेम १०० ग्रॅमचं असतं. डोळे दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, अंगातली ऊब स्वतःची स्वतः टिकवता येत नाही. असं आई नसलेलं पिल्लू हातात आलं की सगळे आधी दुधाची वाटी शोधतात. आधी ऊब द्यायची असते. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर दूध पचत नाही आणि फुप्फुसात जायची भीती वेगळीच. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची आणि चटका बसला तर पिल्लाला लांब सरकता येईल एवढी जागा सोडायची. अंग गरम झालं, बोट चोखायला लागलं की मग बाटली. तीसुद्धा पिल्लू पोटावर असताना, आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून कधीच नाही. गाईचं दूध नको, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही भारी पडतात. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. ती दर दोन-तीन तासांनी पाजायची, रात्रीचंही उठून. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच चोळायचं, कारण सुरुवातीचे तीनेक आठवडे त्याला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटून करवते, आपण कापसाने करवायची. रात्री अडीच वाजता कापूस पिवळा झाला म्हणून खूश होणारी माणसं जगात आहेत, मी त्यातली एक. मग वजनकाटा. रोज १०-१५ ग्रॅम वाढलं तर ठीक. काटा जागेवर राहिला की डॉक्टरांना फोन.

इतकं करून वाढवलेलं पिल्लू मी "बघू, जमलं तर ठेवू" म्हणणाऱ्याला का द्यावं?

जाता जाता एक. 'अनाथ' म्हणून आणून दिलेल्या पिल्लांपैकी कितीतरी अनाथ नसतातच. आई खाणं शोधायला गेलेली असते, किंवा पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवत असते आणि नेमकं शेवटचं राहिलेलं कुणीतरी उचलतं. पिल्लं गोळा होऊन शांत झोपली असतील, पोटं भरलेली दिसत असतील, तर आई आसपास आहे असं समजा. लांब उभं राहून काही तास वाट बघा. जवळ उभे राहिलात तर ती येणारच नाही. गार पडलेली, सतत ओरडणारी, मुंग्या लागलेली किंवा जखमी पिल्लं मात्र लगेच उचला, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

आता प्रश्नांकडे वळते.

"तुमच्या घरात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू आजाराने गेलंय का?" लोकांना हा प्रश्न अपशकुनी वाटतो. तो आहे पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजारासाठी. उलट्या, जुलाब, ताप, आणि लस न झालेली पिल्लं बघता बघता जातात. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. नेहमीच्या साबणाने किंवा सॅनिटायझरने तो मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. जुनी टोपली, जुनी गादी, तीच खोली, आणि हौसेने आणलेलं नवं पिल्लू आठवड्यात आजारी. अशा घरी मी लसीकरण पूर्ण झालेलं मोठं मांजर आनंदाने देते, पिल्लू देत नाही. इतकं साधं आहे ते.

"खिडक्यांना जाळी आहे का?" सगळ्यात जास्त वाद इथेच होतो.

"अहो, मांजर कधी पडतं का? आणि पडलंच तर चार पायांवर पडतं."

१९८७ साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांचा एक अभ्यास आला होता. उंच इमारतींमधून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद त्यात होती आणि त्यातली ९० टक्के वाचली. हा आकडा लोक मला नेहमी तोंडावर फेकतात. पण ती दवाखान्यापर्यंत पोहोचलेली मांजरं होती. जी खालीच गेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? आणि वाचली म्हणजे धडधाकट राहिली असंही नाही. छातीला मार, फाटलेला टाळू, मोडलेला जबडा, मोडलेले पाय. मांजर चार पायांवर पडतं हे बऱ्याचदा खरं आहे, पण आपटायचं ते आपटतंच. कबुतर समोर आलं की त्याला तुमचा सहावा मजला आठवत नाही. म्हणून आधी जाळी, मग मांजर. "आणल्यावर लावू" ची जाळी लागत नाही, हा अनुभव आहे.

"घरात कुत्रा आहे का?" हे मी भांडणांच्या काळजीने विचारते असं सगळ्यांना वाटतं. भांडणं मिटतात हो, हळूहळू ओळख करून दिली की दोघं एका गादीवर झोपतात. मला धास्ती असते ती कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांच्या औषधाची. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, कुत्र्याला चालतं, मांजराला झटके येतात, जीवही जातो. "थोडंसंच लावलं" असं म्हणून कुणीतरी लावतंच. तीच गत पॅरासिटामॉलची. अंग गरम लागलं म्हणून मायेने दिलेली एक गोळी मांजराला मारू शकते. आणि फुलं? लिली. पानं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. यातलं काहीच माहीत नसलेल्या माणसाला मी नाकारत नाही. ऐकल्यावर जो "बापरे, हे माहीत नव्हतं, अजून काय सांगाल?" म्हणतो, तो अर्धा पास. जो "आमच्या आजोळी दहा मांजरं होती, काही होत नाही" म्हणतो, त्याला नमस्कार.

नसबंदीवर मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही. "एकदा तरी आई होऊ द्या ना तिला" हे वाक्य कुणी मायेने म्हणत असलं तरी मला ते क्रूर वाटतं. भाटी चार-पाच महिन्यांची असताना गाभण राहू शकते, म्हणजे ती स्वतःच पिल्लू असताना. साधारण नऊ आठवड्यांत विते आणि अंगावर पिल्लं पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. त्यातून आलेली पिल्लं शेवटी येतात कुणाकडे? आमच्याकडेच, खोक्यात घालून. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर स्तनांच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, गर्भाशयात पू होण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. बोक्याचं म्हणाल तर रात्र रात्र भटकणं, मारामाऱ्या, आणि खोल चाव्यांतून पसरणारा एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू), हे सगळं त्यामुळे खूप कमी होतं. रोज खायला घालणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. नुसतं खायला घालून नसबंदी केली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच कोपऱ्यात तिप्पट तोंडं असतील आणि मग शेजारी तुमच्यावर ओरडतील. तेव्हा मी शेजाऱ्यांच्या बाजूने असेन.

घर कुणाला द्यायचं नाही, यावर मांजरं दत्तक देणाऱ्या आमच्यातल्याच काही जणांशी माझं पटत नाही. त्यांचं म्हणणं: भाड्याने राहणारे नकोत, एकटे राहणारे नकोत, शिकणारी मुलं नकोत, नोकरीला जाणारे नकोत. मग उरलं कोण? माझ्याकडून गेलेल्या मांजरांतली सगळ्यात लाडात असलेली काही भाड्याच्या एका खोलीत आहेत. घरमालकाची परवानगी आहे का आणि गाव सोडावं लागलं तर मांजराचं काय करणार, एवढं मी विचारते. बंगला किती मोठा आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्यांना मात्र सरळ नकार. मांजर १२-१५ वर्षं आरामात जगतं, वाढदिवस एका दिवसाचा असतो.

आणि परत येणारी मांजरं. याचा मला खरा त्रास होतो. चौथ्या दिवशी फोन, "ती आमच्यात मिसळतच नाहीये, घेऊन जा." बघायला गेले तर भाटी वॉशिंग मशीनच्या मागे, पाइपाला चिकटून, कानांत धूळ, डोळ्यांच्या नुसत्या काळ्या बाहुल्या. आणि समोर घरातली सगळी माणसं ओळीने वाकून टॉर्च मारतायत, एक जण झाडूने ढोसतोय. मिसळणार कशी? अहो, नव्या घरात मांजर लपतंच. पहिले काही दिवस एकच खोली, तिथेच खाणं, पाणी आणि वाळूचा ट्रे (खाण्यापासून लांब, कृपा करून), एक आडवं केलेलं खोकं, आणि मी बरोबर पाठवते तो मळका टॉवेल. तो धुवायचा नसतो, त्याला तिच्या ओळखीचा वास असतो. जमिनीवर बसून आपापला मोबाइल बघत बसा, तिच्याकडे बघू नका. ती येईल. खातेय की नाही याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. लाजतेय म्हणून समजून घ्यायची मुदत एक दिवस. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढायला लागते, लठ्ठ मांजराला धोका जास्त. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय पण लघवी होत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

सगळ्याच मांजरांना घर हवं असतं असंही नाही, हे ऐकून काही जण दुखावतात. माणसांची सवय लागायचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. तो माणसांशिवाय गेलेली, रस्त्यावरच मोठी झालेली भाटी चार भिंतींत कोंडली तर झुरते. तिला पकडून, नसबंदी करून, लस टोचून, कानाचं टोक कापून तिच्याच जागी सोडायचं. कान भूल असतानाच कापतात, आणि लांबून बघूनही कळतं की हिचं झालंय, परत पकडायला नको. मात्र हे रस्त्यावरच वाढलेल्या मांजरांचं. घरात वाढलेलं पर्शियन "निसर्गात मुक्त केलं" म्हणणाऱ्यांनी यात स्वतःला मोजू नये.

आणि फक्त मांजरंच कशाला. मुलाचा हट्ट म्हणून आणलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळायला मिळालं नाही तर तोंडातच रुततात. नाण्याएवढं आणलेलं लाल कानांचं कासव जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं राहतं, आणि मग गुपचूप तळ्यात जातं. जगातल्या सर्वात त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे, आणि तिथे ते स्वतःच्या पायांनी गेलेलं नाही. नको झालेला प्राणी असेल तर आम्हाला सांगा, वेळ द्या, घर शोधू. उद्या सकाळी गावाला निघायचंय आणि आज रात्री फोन, असं करू नका.

तर सध्या माझ्याकडे एक साधारण तीन वर्षांची तिरंगी भाटी आहे. एक डोळा लहानपणीच्या सर्दीत गेलाय. नसबंदी, लसी, जंताचं औषध सगळं झालंय. लहान मुलं चालतात, दुसरी मांजर अजिबात चालत नाही, तोंडावर मारते. दार बंद केलं की बाहेरून ओरडते, अगदी बाथरूमचंसुद्धा. जाळी लागलेली असेल तर खिडकीचा फोटो काढा आणि मेसेज करा. प्रश्न मी विचारणारच आहे.