रेफ्रीचे दहा आकडे घड्याळाचे दहा सेकंद नसतात

साताऱ्यात बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो दोन दिवसांत पाच जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पडलेल्या बॉक्सरला उठायला घड्याळी दहा सेकंदच मिळायला हवेत, रेफ्री मुद्दाम हळू मोजून लाडक्या खेळाडूला वाचवतात, टनी, डग्लस आणि फ्युरी हे नामांकित बॉक्सर असेच वाचले, उठलेल्यालाही रेफ्री मनाला येईल तसं हरवतो, फेरी संपल्याची घंटा वाजली की पडलेला सुटतो, आणि शाळेच्या लढतींत न पडलेल्या पोरावरही आठ मोजून त्याचं नुकसान करतात. मी शालेय लढतींत रेफ्री म्हणून रिंगमध्ये उभा राहतो, म्हणून हे लिहितोय.

दहा सेकंदांचं मूळ १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांत, म्हणजे आधुनिक बॉक्सिंगच्या पायाभूत नियमांत आहे, एवढं खरं. पण पडलेला बॉक्सर घड्याळाकडे पाहत नाही, तो रेफ्रीचा आवाज ऐकतो आणि बोटं पाहतो. व्यावसायिक लढतीत कुणी पडला की बाहेर बसलेला टाइमकीपर मोजायला लागतो. रेफ्री आधी उभ्या खेळाडूला लांबच्या न्यूट्रल कॉर्नरला, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याच नसलेल्या कोपऱ्यात पाठवतो आणि मग टाइमकीपरचा आकडा उचलून पुढे मोजतो. उभा असलेला कोपरा सोडून पुढे आला तर रेफ्री मोजणी थांबवू शकतो. व्हिडिओवर स्टॉपवॉच लावून बसलं तर कधीकधी अकरा-बारा सेकंद भरणारच.

टनीचं उदाहरण तर मेसेजवाल्याने अर्धंच सांगितलंय. २२ सप्टेंबर १९२७, शिकागो, सातवी फेरी. समोरच्या डेम्प्सीने टनीला पाडलं आणि कोपऱ्यात जायचं सोडून तिथेच उभा राहिला. पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहायची त्याला जुनी सवय होती. रेफ्री डेव्ह बॅरी त्याला हलवेपर्यंत सेकंद गेले, मग बॅरीने एकपासून मोजलं आणि टनी नऊला उठला. ते जादा सेकंद डेम्प्सीनेच दिले होते. बॅरीवर एक टीका मात्र रास्त आहे: आठव्या फेरीत डेम्प्सी पडला तेव्हा टनी कोपऱ्यात जायची वाट न पाहता त्याने मोजणी सुरू केली. दोन खेळाडूंना दोन मापं लावली, हा दोष होताच. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

डग्लसचंही तसंच. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत आठव्या फेरीत टायसनने त्याला पाडलं. रेफ्रीची मोजणी टाइमकीपरच्या मागे पडली, हे मान्य. पण डग्लस रेफ्रीकडे बघत होता आणि त्याच्या आकड्यांप्रमाणे वेळेत उठला. त्याने आणखी कुणाचं ऐकायचं होतं? दहाव्या फेरीत त्याने टायसनला नॉकआउट केलं. दोन जागतिक संघटनांनी हा निकाल अडवून धरायचा प्रयत्न केला, पण काही दिवसांतच त्यांना माघार घ्यावी लागली.

फ्युरी २०१८ मध्ये वाइल्डरविरुद्ध बाराव्या फेरीत पाठीवर पडला. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपते, आणि खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात ही नजर प्रत्येकाला असणारच. बॉक्सिंगमध्ये पाठ टेकल्याने काहीच ठरत नाही. रेफ्री जॅक रीस गुडघ्यावर बसून मोजत राहिला, फ्युरी दहाच्या आत उठला आणि रीसने त्याला बाजूला चालायला लावून पाय तपासले, मगच लढत पुढे सुरू केली.

म्हणजे मोजणीची कामं दोन: पडलेल्याला उठायची संधी देणं, आणि तो लढण्यालायक आहे का हे रेफ्रीला बघू देणं. तिसऱ्याच सेकंदाला कुणी उठला तरी आठपर्यंत मोजतात ते या दुसऱ्या कामासाठी. १७ मार्च १९९० ला चावेझविरुद्धच्या लढतीत मेल्ड्रिक टेलर हा बॉक्सर पडल्यावर उठून उभा होता, लढत संपायला दोन सेकंद होते, दोन जजच्या कार्डांवर तो पुढेही होता. ठीक आहेस का, या प्रश्नाला त्याच्याकडून उत्तर आलं नाही आणि रेफ्री रिचर्ड स्टीलने लढत थांबवली. यावर आजही भांडणं होतात. मी स्टीलच्या बाजूचा आहे. टेलरच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलेलं होतं.

घंटेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या एकत्रित व्यावसायिक नियमांनुसार कुठल्याच फेरीत घंटा पडलेल्याला वाचवत नाही. मोजणी चालूच राहते.

आता शाळेच्या लढती. हौशी बॉक्सिंगमध्ये 'डाउन' म्हणजे फक्त जमिनीवर पडणं नव्हे. दोरांवर लटकलेला, किंवा पायांवर उभा असूनही शुद्ध हरपत चाललेला, तोही डाउनच. मागच्या एका लढतीत चौदा वर्षांच्या मुलाच्या हनुवटीवर ठोसा बसला. तो पडला नाही, पण हात खाली आले आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मी 'स्टॉप' म्हणून मोजायला लागलो. मागून त्याचे वडील ओरडले, "आवो, पडलाय कुठं त्यो? मोजताय काय?" चारपर्यंत पोरगा माझ्याकडे बघतच नव्हता. सहाला त्याने माझी बोटं पाहिली. आठला हात वर केले, मी 'बॉक्स', म्हणजे खेळा, म्हटलं आणि पुढची फेरी तो नीट खेळला. ते आठ आकडे त्या पोराचेच होते. दुसरा ठोसा येण्याआधी त्याला ते मिळाले.

आणि समजा तो आठनंतर नवा ठोसा न बसताच कोसळला असता, तर मी पुन्हा एकपासून सुरुवात केली नसती. पुढचा आकडा नऊ असता.