यात्रा कमिटीच्या नूतन अध्यक्षांस

ग्रामदैवत भैरवनाथाच्या यात्रा कमिटीवर आपली अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवड झाली, म्हणजे पारावर तीन तास भांडण होऊन अखेर दमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या, याबद्दल आपले अभिनंदन. यात्रा चैत्रात आहे आणि दिवस थोडे आहेत, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

आरंभ फ्लेक्सपासून करावा. त्यावर आधी नेते, मग नेत्यांचे चिरंजीव, मग गॉगल लावलेले आपण आणि त्याखाली गावातील यच्चयावत तरुण असा क्रम ठेवावा. भैरवनाथाला वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा पुरते. तो रुसून दुसऱ्या गटात जात नाही.

पुढे देवळाकडे वळावे. यादवांच्या हेमाद्री पंडिताचे नाव ज्या बांधणीला देतात, तिच्यात चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेला असतो. असल्या कामाचा सुज्ञ माणसाने भरवसा धरू नये. खांबांवरील नक्षीत धूळ साचते, तेव्हा ती पोपटी ऑइल पेंटने बुजवावी आणि गाभाऱ्याला आपल्या न्हाणीघरातून उरलेल्या टाइल्स लावाव्यात. दीपमाळेशेजारी एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, उभा असेल. त्याच्या तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले दिसतील. कोणे एके काळी गावची गुरे सोडवताना हा गडी पडला असेलही, पण त्याने वर्गणीची पावती फाडलेली नाही. सबब त्याला सभामंडपाच्या पायरीला आडवा घालावा आणि वरच्या संगमरवरी फरशीवर ज्यांनी पावती फाडली त्यांची नावे रकमेसह कोरावीत. चंद्र-सूर्य असेतो कोणाचे नाव राहावे, हे ठरवण्याचा अधिकार आता कमिटीकडे आहे.

वर्गणीचा मुख्य भार मुंबईकरांवर टाकावा. बाजारात ओझी वाहून, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांनी राहून त्यांनी पैसा साठवलेला असतो आणि गावात आपली आठवण काढली जाते या आनंदात ते तो देतातही. त्यांनी हिशेब विचारला, तर ‘तुम्ही गावात राहता का?’ एवढा प्रतिप्रश्न पुरतो.

मानपानाविषयी मात्र गाफील राहू नये, कारण देव चुकला तर चालते, नारळ चुकलेला चालत नाही. छबिन्याच्या रात्री पालखीला पहिला खांदा कोणत्या भावकीचा, यावर गाव तासभर अडून बसले, तरी आपण मध्ये पडू नये. भोई ताटकळतील, हलगीवाल्याचे हात गारठतील, गुरव विझणाऱ्या दिवटीत पुन्हा पुन्हा तेल घालील. त्यांना सवय आहे.

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंदी घातली होती आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरून त्या मोकळ्या केल्या. बैलाला काठी मारू नये वगैरे अटी आहेत. त्या सकाळी माइकवरून खणखणीत आवाजात वाचून दाखवाव्यात, म्हणजे पहिली बारी सुटेपर्यंत त्यांचे पालन आपोआप होते.

तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावी जाल, तेव्हा राहुटीत बसून फडमालकाशी शेवटच्या पाचशे रुपयांपर्यंत घासाघीस करावी. शंभर-शंभर माणसांचे पोट पाठीवर घेऊन फिरणारा माणूस आज ना उद्या नमतोच. तिथे वाचलेले पैसे डीजेवाल्याला न मागता द्यावेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे आणि तो पाळायलाच हवा. म्हणून डीजे दहापर्यंत वाजवून घ्यावा आणि गण सुरू होताच तमाशाला नियम दाखवावा.

कुस्त्यांचे फार मनावर घेऊ नये. पोरे रेवड्यांवर लढतील आणि शेवटची कुस्ती बरोबरीत सोडवून पाहुण्यांचे फेटे उरकता येतील.

राहिला हिशेब. तो वाचावा लागलाच, तर मंडप, डीजे, फ्लेक्स, हार-तुरे आणि ‘किरकोळ’ या क्रमाने वाचावा. किरकोळची रक्कम सर्वांत मोठी असल्याने तिथे थोडे खोकावे. वर्षभराच्या तेलवातीचा खर्च यात कुठे दिसत नाही, अशी शंका एखादी म्हातारी मागून काढील. तो गुरवाने पदरचा केला, असे तिला बेधडक सांगावे. सबंध हिशेबात तेवढेच एक वाक्य खरे असते.