पोलिसांत नोंद नाही म्हणजे मारहाणच नाही?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी फॉरवर्ड टाकला. त्यात म्हटलंय, २०२२ मध्ये नवरा आणि सासरच्यांच्या छळाचे देशभरात १,४०,०१९ गुन्हे. मग दहातल्या तीन बायकांना नवरा मारतो हे सर्वेक्षण एनजीओवाल्यांनी रचलेलं थोतांड. भाचीने मला विचारलं, "मावशी, खरंय का हे?" तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

पहिलं म्हणजे ते एनजीओचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं असतं आणि आपल्या मुंबईत देवनारची संस्था ते करते.

आता आकडे. फॉरवर्डमधला आकडा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. तो एका वर्षात नोंदलेले दखलपात्र गुन्हे मोजतो, म्हणजे ज्यांचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात. सर्वेक्षण १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांना, घटस्फोटित आणि विधवाही त्यात आल्या, आजवरचं विचारतं. तेही 'छळ होतो का' असं मोघम नाही. थप्पड मारली? हात पिरगाळला, केस ओढले? गळा दाबला? घरातल्या एकाच बाईला, एकांतात. एकांत मिळाला नाही तर ते प्रश्नच सोडून देतात. २०१९-२१ च्या फेरीत २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी १४ टक्क्यांनीच कुणाची मदत मागितली, आणि तीही बहुतेकींनी माहेरच्यांची किंवा नातलगांची. ७७ टक्के कुणाजवळ बोलल्याही नाहीत. मग पोलिसांच्या वहीत त्या येणार कुठून? आणि हिंमत करून ठाण्यात गेलीच, तर साध्या मारहाणीची एनसी हातात देऊन घरी पाठवतात. एनसी म्हणजे अदखलपात्र, म्हणजे त्या १,४०,०१९ मध्ये ती नाहीच.

एवढं मान्य करते की 'आजवर'मध्ये दहा वर्षांपूर्वीची एक थप्पडही येते, त्यामुळे 'मारतो' हे रोजचं असल्यासारखं लिहिणारेही चुकतात. खोट्या तक्रारीही होतात. पण त्यावरून सगळ्या बायकांना खोटं ठरवायचं?

शेवटी फॉरवर्डमधला 'केरळात बिहारपेक्षा जास्त गुन्हे, म्हणजे शिकलेल्या बायका केसेस ठोकतात' हा शोध. सर्वेक्षणात नवऱ्याच्या हिंसेचं प्रमाण बिहारमध्ये ४० टक्के, केरळात ९.९. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं, हे एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात बजावते. मामा, ते पान ग्रुपवर टाकलंय, वाचा.