फलक लावा, वारसा आपोआप वाचेल

भावी नगरसेवकहो, तुमच्या प्रभागात गोदावरीचा घाट येतो? एखादं पेशवेकालीन दगडी देऊळ? मग काळजी मिटली. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे आणि वारसा जपायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. जपायचं म्हणजे फार काही नाही, माहितीफलक लावायचा.

इतिहास शोधत बसू नका. ‘वनवासात प्रभू रामचंद्र येथे आले होते’ हे वाक्य नाशिकमधल्या कुठल्याही दगडाला चालतं.

फलक स्टीलचाच घ्या. ऊन पडलं की डोळे दिपतात, चुका वाचायला कोणी थांबत नाही.

जागा मात्र नीट निवडा. दोन पावलांवर मोकळी जमीन असेल तर तिथे खांब रोवण्याचा मोह टाळा, ती जागा वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी लागते. फलक थेट देवळाच्या भिंतीवर, जमल्यास कोरीवकामावरच ठोका. अडीचशे वर्षं पूर सोसलेला काळा पाषाण आहे, ड्रिलची चार भोकं सहज सोसेल. दगड फारच काळा वाटला तर ऑईलपेंट आहेच.

अडचणीचा इतिहास गाळा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरापाशी दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला असं लिहिलंत, की दार कोणी बंद ठेवलं होतं तेही लिहावं लागेल.

आता मजकूर. परवा पुण्याच्या मेहुण्यांना घाट दाखवायला घेऊन गेलो, तिथे एक आदर्श नमुना बघायला मिळाला. वरच्या अर्ध्या भागात शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, विशेष प्रयत्न, संकल्पना आणि निमंत्रक. (संकल्पना कसली? देऊळ आधीच बांधलेलं होतं ना?) खाली तीन ओळींत देऊळ. त्या तीन ओळींत मराठीत अठरावं शतक, इंग्रजीत सतरावं. मेहुण्यांनी कोपऱ्यातला क्यूआर कोड स्कॅन केला, तर ‘हा वेबपत्ता विकणे आहे’ असं पान उघडलं. म्हणाले, ‘‘अहो, देऊळ विकायला काढलंय का?’’ काय उत्तर देणार?

नाव कोरायची हौस आजची नाही, हे मान्य. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात जाऊन बघा. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याने आपल्या दानधर्माची थोरवी भिंतीवर कोरून ठेवलीय. पण गड्याने हिशेबही कोरलाय! तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले. त्यातले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक क्षत्रप घराण्यातला माणूस पैसा किती, ठेवला कुठे आणि वापरायचा कसा हे दगडावर लिहून गेला. आणि तुमच्या चकचकीत फलकावर काय आहे? खर्च किती, नाही. ठेकेदार कोण, नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर गाळ पुसायला कोण येणार, तेही नाही. नुसती नावं! तीही देवळाच्या सालापेक्षा चौपट मोठ्या अक्षरांत!

बरं, नाशिकला पाटी लागते तरी कशाला? गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर एक अक्षर नाही. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, एवढ्यावर सगळं गाव पूर ओळखतं. १९६९ चा पूर बघितलेली माणसं अजून त्याच्याकडे बघूनच बोलतात. नदीच्या तळात काँक्रीट ओतणाऱ्यांना ते कळलं नाही, तुम्हाला काय कळणार.

पुरे झालं आता मार्गदर्शन. लाज वाटू द्या जरा. साल माहीत नसेल तर विचारा. या शहरात गॅझेटिअर वाचलेली माणसं आहेत, चहासुद्धा मागत नाहीत, तासभर सांगतात. छापण्याआधी त्यांना एकदा दाखवा. आणि आपणही फार शहाणे नाही. दर पावसाळ्यात पाणी घाटावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पोचलं का म्हणून मोबाइल घेऊन पुलावर गर्दी करतो. ती घंटा कशाची, असं पोराने विचारलं तर किती जणांना सांगता येईल? १७३९ ला मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची. देऊळ १७४७ चं. एवढं तरी सांगा पोरांना. त्याच देवळांसमोरच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ म्हणून आपल्याच पोरांचे फोटो असतात आणि आपण ते कौतुकाने स्टेटसला ठेवतो. ते फ्लेक्स आधी उतरवा. ते भिंतीवरचे फलक कोणा जाणत्या माणसाला उभं करून काढून घ्या, आणि ती भोकं सिमेंट थापून बुजवू नका, चुन्याने भरा.