सुटता सुटेना

चार्जर घट्ट बसेल असं सॉकेट घरात एकच असतं आणि ते फ्रीजच्या मागे असतं. बाकी ठिकाणी प्लगखाली काडेपेटीचा टेकू, वरून रबरबँड, आणि रात्रभर मोबाईल चार्ज होतोय असा आपला समज. यापेक्षा लॉक होणारा प्लग स्वतः बनवावा, असं कधी ना कधी प्रत्येकाला वाटतं. मला विचाराल तर बनवावा, पण कुलूप फक्त अर्थच्या पिनेला लावावं. ६ अँपिअरच्या प्लगची ती पिन ७.१ मिमी जाड असते, तर करंटच्या दोघी ५.१ मिमीच्या. त्यांच्या वाटेला जाऊ नये, स्वभाव तापट.

स्वस्त प्लगची पिन कधी कधी गुंडाळलेल्या पत्र्याची निघते, म्हणून भरीव पितळेची लेथवर करून घ्यायची. मधून ३.२ मिमीचं आरपार भोक, टोकाकडून हॅक्सॉने १२ मिमी चीर. आत एम-३, म्हणजे ३ मिमी जाडीचा स्क्रू, त्याच्या पुढच्या टोकाला शंकू, मागे नट बसवलेली गुंडी. गुंडी फिरवली की शंकू आत ओढला जातो आणि पिनेचे दोन्ही ओठ फाकतात. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात गुंडीबरोबर स्क्रूही गरागरा फिरतो आणि काहीच फाकत नाही. त्यासाठी शंकूला आडवी बारीक खीळ ठोकून ती चिरेत अडकवावी लागते.

एम-३ स्क्रू एका फेऱ्यात ०.५ मिमी सरकतो. शंकूचा उतार १० अंशांचा असेल तर पिन फेऱ्यामागे जेमतेम ०.१८ मिमी फुगते. दोन फेरे पुरे. तिसऱ्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. मग सॉकेटची पट्टी कायमची वाकते. पितळ नरम असेल तर फाकलेले ओठ मिटतच नाहीत, आणि प्लग घरजावई होतो.

गुंडी प्लास्टिकचीच हवी. अर्थिंग तुटलेलं असेल आणि यंत्रात दोष असेल, तर ही पिनही करंट देते. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएची (प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकची) प्लगची बॉडी काढून आकार तपासावा, वापरू नये. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

चाचणी भिंतीवरून काढलेल्या, वायर न जोडलेल्या सॉकेटवर. सॉकेट तोंड खाली करून शिकंजात धरायचं आणि प्लगला पाण्याच्या लिटरच्या बाटल्या टांगायच्या. तीन बाटल्यांना धरावा, सहाला सुटावा. दहालाही सुटला नाही तर खुश होऊ नका: वायरीत पाय अडकला की प्लग जागेवर राहील आणि बोर्ड स्क्रूसकट हातात येईल.

एवढं करूनही रोग रेड्याला आणि औषध पखालीला. प्लग पडत नाही, पण करंटच्या पिनांची पकड सैलच. तिथे ०.१ ओहम रोध असला तरी ६ अँपिअरला ३.६ वॅट उष्णता, १६ अँपिअरच्या सॉकेटात २५ वॅटच्या वर, म्हणजे आख्खं सोल्डरिंग आयर्न. चर्र आवाज आला किंवा प्लास्टिक पिवळं पडलं, तर मेन बंद करून सॉकेटच बदलावं आणि नव्याचे टर्मिनल स्क्रू पिळून घ्यावेत. लॉकचा प्लग मग खुशाल मिक्सरला लावा, तो थरथरतोच.