आर्किटेक्चरनंतर सिव्हिल: खुशाल या, पण कशासाठी ते ठरवून या

मी बी.आर्क. करून पुन्हा बी.ई. सिव्हिल केलं आणि आता आरसीसी कन्सल्टंटच्या, म्हणजे इमारतीचा काँक्रीट-सळयांचा सांगाडा डिझाइन करणाऱ्या इंजिनियरच्या ऑफिसात काम करते, हे कळल्यापासून मेसेज येत असतात. "ताई, मलाही सिव्हिलला यायचंय, काय करू?" एकेकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

आधी मला सांगा, सिव्हिलमधलं नेमकं काय हवंय? साइट चालवायची आहे? प्लॅनिंग, बिलिंग, टेंडर यात रस आहे? मग दुसऱ्या डिग्रीच्या भानगडीत पडू नका. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या पीजीला बी.आर्क. चालते, पुण्यात निकमार या बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्थेतही चालते. ड्रॉइंग वाचता येणारा, क्लायंटशी बोलता येणारा माणूस साइटला हवाच असतो.

पण जीव स्ट्रक्चरमध्ये अडकला असेल, कॉलम-बीम स्वतः डिझाइन करून त्याखाली सही करायची असेल, तर सिव्हिलची डिग्री लागतेच. बी.आर्क.ला आपण स्ट्रक्चर्स शिकतो, साधा बीम सोडवतो, पण तेवढ्यावर कोणी सात मजल्यांची जबाबदारी देणार नाही आणि देऊही नये. एम.ई. स्ट्रक्चरला जवळपास सगळीकडे बी.ई. सिव्हिलच मागतात. गेट या पीजी प्रवेश परीक्षेचा सिव्हिल पेपर चांगला गेला तरी प्रवेशाच्या वेळी पात्रतेची अट आडवी येते. स्थापत्य अभियंत्याच्या सरकारी पदांचंही तसंच.

मला हे करायचंच होतं, कारण मी औसा तालुक्यातली. किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेल्या गावात वाढले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे काय झालं ते घरोघरी ऐकलंय. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी, बघायला देखणी घरं होती ती. त्यांच्याखालीच माणसं गाडली गेली. तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. कॉलेजात ज्यूरीसमोर, म्हणजे डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, दगडी भिंतींचं कौतुक चालायचं तेव्हा मला राहवायचं नाही. भिंत हलली तर काय होईल, हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं.

आता कामातली एक गोष्ट सांगते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा बांधतात, त्यांचा हुक १३५ अंशात आत वळलेला हवा आणि पुढचा तुकडा निदान ६५ मिलिमीटर. भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस १३९२०मध्ये, तसं लिहिलंय. सळया बांधणाऱ्या फिटरला मात्र ९० अंशांचा हुक सोपा जातो, रिंग पटापट बसते. सेंट्रिंग म्हणजे साचा लागला, काँक्रीट भरलं की दोन्ही कॉलम सारखेच दिसतात. भूकंपात सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर फुटून पडतं, ९० अंशांचा हुक उघडतो, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि कॉलम खचतो. २००१ला भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये खाली पार्किंग असलेल्या इमारती पडल्या, त्यातही सैल रिंगा हे एक कारण होतं. म्हणून काँक्रीटच्या आदल्या दिवशी मी स्वतः रिंगा बघते. हुक चुकले असतील तर काम थांबवते, मग कॉन्ट्रॅक्टर कितीही चिडो.

या कामात आर्किटेक्चरच्या पाच वर्षांचा रोज उपयोग होतो. आर्किटेक्टने कॉलम सरकवायला सांगितला की तो का सांगतोय ते मला कळतं, आणि नाही म्हणताना दुसरा पर्याय काढून देता येतो. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह आठवा. १९७२मध्ये आर्किटेक्ट राज रेवाल आणि इंजिनियर महेंद्र राज या जोडीने उभं केलेलं, काँक्रीटच्या स्पेस फ्रेमचं, म्हणजे त्रिकोणी जाळीसारख्या सांगाड्याचं. आर्किटेक्ट आणि इंजिनियर एकाच कागदावर बसले की काय होतं, ते तिथे दिसायचं. २०१७ला ते पाडलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बी.एस्सी. झालेल्याला इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे, डिप्लोमावाल्याला आहे. पाच वर्षं ड्रॉइंग, सर्व्हे, मटेरियल्स, इस्टिमेट शिकलेल्या बी.आर्क.वाल्याने मात्र सीईटी ही बारावीनंतरची प्रवेश परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. पुन्हा इंजिनियरिंग ग्राफिक्स, पुन्हा टी-स्क्वेअर! स्पॅनिश आर्किटेक्ट-इंजिनियर कालात्रावाने व्हॅलेन्सियाला आर्किटेक्चर केलं आणि १९७५ला झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात सिव्हिलला गेला. त्याचे पूल बघितले की दोन्ही शिक्षणं एकत्र आल्याचा फायदा दिसतो. आपल्याकडे असं कुणी करू म्हटलं तर निम्मी उमेद पहिल्या वर्षातच संपते. गणित आणि मेकॅनिक्सची परीक्षा घ्या, कडक घ्या, एक टक्काही सवलत नको. पण पास झालेल्याला दुसऱ्या वर्षाला बसू द्या. विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईने हे करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

तोवर ज्यांना यायचंय त्यांनी घरी पैशांचं स्पष्ट बोलून घ्या. सोबतचे लोक कमवायला लागलेले असतात आणि आपण पुन्हा फी भरत असतो, हे सोपं नाही. सीईटीला वयाची आडकाठी नाही. फॉर्म भरण्याआधी मात्र एखाद्या आरसीसी कन्सल्टंटकडे काही महिने काम करा. सळयांची शेड्युलं तपासा, स्लॅब भरताना रात्रभर साइटवर उभे राहा. त्यानंतरही यायचं असेल तर बारावीचं इंटिग्रेशन आत्तापासून काढा. माझ्या नोट्स आहेत, हव्या असतील त्यांना देईन.