डिटेक्टर लावला तरी पावती फाटतेच

मावसभावाने पुण्याहून एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, डिसेंबरात येताना घेऊन ये ना एक.’ फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: गाडीच्या काचेला रडार डिटेक्टर लावा. तो पोलिसांचं रडार निकामी करतो, तीन किलोमीटर आधी सावध करतो, अमेरिकेत सगळीकडे कायदेशीर आहे, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दोन फेऱ्यांत पैसे वसूल. मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो आणि हे यंत्र तीन वर्षं वापरून तळघरात टाकलंय. तेव्हा चार गोष्टी सांगायला हरकत नाही.

‘रडार निकामी करतो.’ अजिबात नाही. डिटेक्टर म्हणजे एक रेडिओ, तो फक्त ऐकतो. निकामी करणारा तो जॅमर, आणि रडार जॅमर अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानेच बेकायदा आहे. भारतातही खासगी माणसाला जॅमर वापरायची मुभा नाही.

‘तीन किलोमीटर आधी सावध करतो.’ यात थोडं तथ्य आहे. पोलिसांच्या स्पीड गनमधून, म्हणजे वेग मोजणाऱ्या रडारमधून, सुटलेल्या लहरी गाडीवर आपटून परत येतात तेव्हा त्यांची वारंवारता किंचित बदललेली असते. गन २४.१५ गिगाहर्ट्झची असेल आणि गाडी समोरून ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर हा फरक साधारण साडेचार हजार हर्ट्झचा. त्यावरून वेग निघतो. गनच्या लहरींना जाऊन परतही यायचं असतं, डिटेक्टरला मात्र जातानाच्याच लहरी पकडायच्या असतात. म्हणून गनला गाडी ‘दिसायच्या’ आधीच त्याला चाहूल लागते. मोकळ्या सपाट रस्त्यावर आणि गन सतत चालू असेल तर बऱ्याच लांबून.

पण पोलीस काही दूधखुळे नाहीत. ते गन बंद ठेवतात आणि गाडी टप्प्यात आली की घोडा दाबतात. डिटेक्टर ओरडतो तोवर आकडा पडद्यावर आलेला असतो. रेडिओलहरींऐवजी प्रकाशाच्या झोताने वेग मोजणाऱ्या लेझर गनपुढे तर तो आणखी लंगडा पडतो. तिचा झोत तीनशे मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद असतो आणि नेम बहुधा नंबरप्लेटवर धरलेला असतो. डिटेक्टर वाजलाच, तर तो तुमच्यावर नेम धरल्याची बातमी देतो.

उलट जिथे वाजायला नको तिथे तो हमखास वाजतो. सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारांत याच वारंवारतेच्या पट्ट्यातले सेन्सर असतात, शेजारून जाणाऱ्या गाडीच्या ब्लाइंड स्पॉट सेन्सरमध्येही (आरशात न दिसणारी गाडी टिपणारा सेन्सर). माझा डिटेक्टर दर शनिवारी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरताच बोंब मारायचा. महिन्याभरात मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं, मग ठेवून उपयोग काय?

‘अमेरिकेत सगळीकडे कायदेशीर.’ हे वाचून हसूच आलं. पोटोमॅक नदीवरचा पूल ओलांडला की शेजारचं व्हर्जिनिया राज्य लागतं, आणि तिथे साध्या मोटारीतही डिटेक्टर वापरायला बंदी आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्येही तेच. शिवाय दहा हजार पौंडांहून जास्त वजनाच्या व्यावसायिक ट्रकांना केंद्राच्या नियमाने देशभर मनाई. बाकी राज्यांत मोटारीत चालतो, हे खरं. व्हर्जिनियाला जाताना मी तो काढून डिकीत टाकायचो. लपवून वापरू म्हणाल, तर डिटेक्टरच्या आतून ज्या बारीकशा लहरी बाहेर झिरपतात त्या पकडणारं यंत्रही पोलिसांकडे असतं. डिटेक्टर शोधणारा डिटेक्टर! फ्रान्समध्ये आणि कॅनडाच्या बहुतेक प्रांतांतही बंदी आहे. म्हणजे ‘अमेरिकेत चालतं’ हे वाक्य अमेरिकेतसुद्धा पुरतं चालत नाही.

राहिला एक्सप्रेसवे. २०२४ पासून तिथे आयटीएमएसचे (वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेचे) कॅमेरे नंबरप्लेट वाचून दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. समजा, कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींत दहा किलोमीटरचं अंतर आहे. ताशी १०० च्या मर्यादेत ते कापायला सहा मिनिटं लागायला हवीत. तुम्ही पाचच मिनिटांत पोहोचलात तर वेग १२० होता, हे तिसरीतलं पोरगंही सांगेल. या हिशोबाला फोटो आणि घड्याळ पुरतं, गाडीवर लहरी सोडायची गरजच नाही. मग डिटेक्टर ऐकणार काय, कपाळ? कमानीखाली ब्रेक दाबून पुढे सुसाट सुटणाऱ्यांनाही हाच हिशोब धरतो. आणि जिथे पोलिसांची वेग तपासणारी इंटरसेप्टर गाडी लेझर गन घेऊन उभी असते, तिथली कथा वर सांगितलीच आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. त्यानुसार असे कॅमेरे लावलेल्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचनाफलक लावावा लागतो. माझा मावसभाऊ ज्या इशाऱ्यासाठी माझ्या बॅगेत जागा मागतोय, तो रस्त्याच्या कडेलाच पाटीवर रंगवलेला असतो.